तारुण्यपिटिका : कारण कुठलं आणि दोष कुणाचा?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला फोन करून विचारलं, “सर, तत्त्वज्ञानाचा माणूस आणि मुरमांवर बोलणार?” शंका रास्त आहे. मी त्वचारोगतज्ज्ञ नाही आणि इथे बसलेल्या कुणाच्या चेहऱ्याकडे बघून मी औषध सांगणार नाही. (हशा) पण एक बघा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या गालावर पुटकुळ्या आल्या की त्या घरात तीन प्रश्न फिरायला लागतात. हे कशामुळे झालं? कुणामुळे झालं? आणि लोक काय म्हणतील? पहिला प्रश्न कार्यकारणभावाचा, दुसरा जबाबदारीचा, म्हणजे नीतिशास्त्राचा, आणि तिसरा आत्मभानाचा. आयुष्यभर मी हेच तीन विषय शिकवले. फक्त तेव्हा उदाहरणं घटाची आणि कुंभाराची असायची.

आधी शब्द बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपण मुरूम म्हणतो. रस्त्यावर पसरतात तो मुरूम आणि गालावर येतो तोही मुरूम. शब्दातच खडबडीतपणा आहे. सुश्रुतसंहितेत निदानस्थानात क्षुद्ररोगांचा अध्याय आहे, त्यात या पुटकुळ्यांचं वर्णन येतं : तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या दिसणाऱ्या. ज्यांनी सावरीचं खोड जवळून पाहिलंय त्यांना ही उपमा किती नेमकी आहे ते कळेल. रुंद बुडाचा, वर टोक आलेला तो काटा. आता या पिटिकांना तिथे नाव काय दिलंय? मुखदूषिका. म्हणजे मुख दूषित करणाऱ्या, तोंड बिघडवणाऱ्या. वर्णन निरीक्षकाचं आहे, आणि नावात मात्र निवाडा आहे. तारुण्यपिटिका किंवा यौवनपिडका या नावात तो निवाडा नाही. तिथे फक्त वय सांगितलंय. मला हा शब्द आवडतो. लांब आहे, तरी आवडतो.

आणि आता आपलं रोजचं वाक्य. लग्नकार्यात किंवा गणपतीत मावशी, काकू, आत्या भेटतात आणि त्या मुलीची हनुवटी धरून म्हणतात, “अगं, काय हे चेहऱ्याचं करून घेतलंस!” या क्रियापदाकडे लक्ष द्या. ‘झालं’ नाही म्हणत आपण. ‘करून घेतलंस’ म्हणतो. मलेरिया झाला तर कुणी ‘मलेरिया करून घेतलास’ म्हणत नाही. ‘करून घेणं’ म्हणजे जे घडलं त्याचा कर्ता तूच. मराठीला किती बारीक हत्यार दिलंय बघा. एका सहायक क्रियापदात घटनेचं कृत्य झालं, आणि कृत्य म्हटलं की दोष आलाच. त्या मुलीनं काय केलं होतं? ती चौदा वर्षांची झाली होती. एवढंच.

तर मग खरंच काय घडतं ते बघू. माझ्या परीनं सोपं करून सांगतो. डॉक्टर मंडळी बसलेली असतील तर त्यांनी सांभाळून घ्यावं.

आपल्या कातडीत केसाच्या मुळाला लागून एक लहानशी ग्रंथी असते, तेलग्रंथी. ती जे तेल तयार करते त्याला सीबम म्हणतात. केसाच्या नळीतून ते वर येतं आणि त्वचेवर पसरतं. चेहरा, पाठीचा वरचा भाग, छाती इथे या ग्रंथी मोठ्या आणि दाट असतात. तळहात-तळपायांवर त्या नसतातच, म्हणून तळहाताला तारुण्यपिटिका येत नाही. वयात येताना शरीरात अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात. मुलग्यांमध्ये वाढतात हे सगळ्यांना माहीत असतं. मुलींमध्येही वाढतात, प्रमाण कमी असतं इतकंच. त्यांच्या सांगण्यावरून या ग्रंथी मोठ्या होतात, तेल जास्त सुटतं. त्याच सुमाराला नळीच्या तोंडाशी असलेल्या मृत पेशी, ज्या एरवी सुट्या सुट्या गळून जातात, त्या एकमेकींना चिकटून राहायला लागतात. तेल आणि पेशी मिळून बूच तयार होतं. बूच कातडीखाली राहिलं तर पांढरट दाणा दिसतो. नळीचं तोंड उघडं राहिलं तर काळा ठिपका दिसतो, त्याला आपण ब्लॅकहेड म्हणतो. आणि बुचाच्या मागे साचलेल्या तेलावर एक जिवाणू पोसला जातो, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस त्याचं नाव. हा जिवाणू बाहेरून आलेला चोर नाही, सगळ्यांच्या कातडीवर राहणारा भाडेकरू आहे. पण बंद नळीत तो फोफावतो, शरीर त्याच्याशी भांडायला लागतं आणि मग लाली, सूज, पू हे सगळं येतं.

या वर्णनातून किती समजुती आपोआप गळून पडतात पाहा.

पहिली, अस्वच्छतेची. “तोंड नीट धुवत नाहीस.” ब्लॅकहेडचं काळेपण हा मळ नव्हे. तिथे त्वचेचं रंगद्रव्य आहे आणि हवेशी संबंध येऊन काळी पडलेली द्रव्यं आहेत. ते घासून जात नाही. मुलं बिचारी साबण बदलतात, दगडाने पाय घासावा तसं तोंड घासतात, दिवसातून सहा-सहा वेळा धुतात. त्यानं कातडी चिडते आणि पुटकुळ्या वाढतात. सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने दिवसातून दोनदा, आणि खेळून घाम आला तर आणखी एकदा. यापलीकडे धुण्यात पुण्य नाही.

दुसरी समजूत, पोट साफ नसण्याची आणि उष्णतेची. तिसरी, जी मोठ्याने बोलली जात नाही पण मुलांच्या मनात पक्की बसलेली असते : मनात नको ते विचार येतात म्हणून तोंडावर हे येतं. या तिसरीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण कुणी बोलत नाही. तो विचार आणि ती पुटकुळी यांचं वय एक आहे, कारण दोन्ही एकाच संप्रेरकांच्या काळात येतात. एकामुळे दुसरं होत नाही. न्यायशास्त्रात याला सहचार म्हणतात. दोन गोष्टी बरोबर दिसणं. सहचार म्हणजे कारण नव्हे. धूर आणि राख दोन्ही विस्तवाबरोबर दिसतात, म्हणून राखेनं धूर केला असं होत नाही. किती मुलांनी या एका समजुतीपायी स्वतःला अपराधी मानून वर्षं काढली असतील.

चौथी म्हणजे खाण्याची, आणि ही जरा गुंतागुंतीची आहे. तिथे थोडं थांबू या.

१९६९ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन या तिघांचा. चॉकलेटनं मुरूम वाढतात का? त्यांनी ६५ जण घेतले. काहींना महिनाभर भरपूर चॉकलेट असलेल्या वड्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पण चॉकलेट नसलेल्या वड्या, मग अदलाबदल केली. फरक दिसला नाही. झालं, पुढे कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांत आलं की आहाराचा आणि मुरमांचा संबंध नाही. आता तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यानं इथे काय विचारायला हवं? दुसऱ्या वडीत काय होतं? तिच्यात साखर आणि स्निग्धांश जवळजवळ तेवढेच होते! म्हणजे प्रयोगाने सिद्ध झालं ते इतकंच की कोको काढून टाकल्यानं फरक पडत नाही. साखरेबद्दल तो प्रयोग काहीच बोलू शकत नव्हता. आपल्याकडे याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात : कारण असताना कार्य असणं आणि कारण नसताना कार्य नसणं. व्यतिरेक तपासायचा तर ज्याच्यावर संशय आहे तीच गोष्ट काढून बघायला हवी. संशयित दोन्ही खोल्यांत बसवून ठेवलात तर चोरी कुठल्या खोलीत कमी झाली हे कसं कळणार?

जाता जाता एक गोष्ट, विषयाबाहेरची वाटेल पण नाही. त्या ६५ जणांपैकी निम्म्याहून जास्त तुरुंगातले कैदी होते. क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर वर्षानुवर्षं जे प्रयोग केले ते पुढे नीतिशास्त्राच्या पुस्तकांत कलंक म्हणून आले. ज्ञान कुठून आलं हा प्रश्न ज्ञान खरं की खोटं याहून वेगळा आहे, पण विसरायचा नाही.

पुढे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर बारा आठवड्यांचा एक प्रयोग झाला. त्यात अर्ध्यांचा आहार बदलला : मैदा, साखर, रक्तातली साखर झपाट्यानं चढवणारे पदार्थ कमी केले. त्यांचे मुरूम दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाले. दुधाबाबतही, विशेषतः साय काढलेल्या दुधाबाबत, पाहण्यांमध्ये थोडा संबंध दिसतो. जिममध्ये जाणारी मुलं व्हे प्रोटीनची पावडर घेतात, त्यांच्यातही मुरूम वाढल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे आजीचं ‘खाण्यावर लक्ष ठेव’ अगदीच चूक नव्हतं. पण तिचा आरोपी चुकला होता. आजी तळलेल्यावर, तिखटावर, आंब्यावर रागावते. पुरावा थोडाफार सापडतो तो बिस्किटं, कोल्ड्रिंक, गोड चहा यांच्याविरुद्ध. तोही थोडाफारच. कडक पथ्य पाळणाऱ्यालाही मुरूम येतात आणि रोज वडापाव खाणाऱ्याचा गाल गुळगुळीत असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

त्याचं मोठं कारण आनुवंशिकता. ब्रिटनमध्ये जुळ्या बहिणींचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये आला. त्यात मुरमांच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो त्यातला सुमारे ८१ टक्के आनुवंशिक आढळला. कृपया याचा अर्थ असा घेऊ नका की तुमच्या शंभर पुटकुळ्यांतल्या ८१ वडिलांकडून आल्या. (हशा) तो आकडा लोकसंख्येतल्या फरकाबद्दल आहे, एका गालाबद्दल नाही. पण ‘करून घेतलंस’ म्हणणाऱ्या आत्याला तो ऐकवायला हरकत नाही; कारण जनुकं द्यायला घराणं तिचंच आहे.

आता काकतालीय न्याय. कावळा फांदीवर बसला आणि ताडफळ पडलं. मुरमांइतका या न्यायाचा सुकाळ दुसरीकडे मी पाहिलेला नाही. कारण सांगतो. आपण उपाय केव्हा करतो? पुटकुळ्या सगळ्यात जास्त फुलल्या असतात तेव्हा. आणि पुटकुळी ही भरती-ओहोटीची चीज आहे. आठ-पंधरा दिवसांत ती आपली आपण बसते. भरतीच्या शिखरावर तुम्ही काहीही लावा, दालचिनी, जायफळ, टूथपेस्ट, शेजारच्या काकूंचा लेप, पुढच्या आठवड्यात ओहोटी येणारच. श्रेय लेपाला. मग पुढची भरती येते, तेव्हा दोष मुलीला : “नियमानं लावला नसशील.” उपायाला यशाचं श्रेय आणि मुलीला अपयशाचा दोष, अशी ही वाटणी. ज्या उपायाला कधी हरताच येत नाही, त्याची परीक्षा झालेलीच नसते.

लेपांबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. मुलतानी माती, चंदन यांनी कातडी थंड वाटते, तेल तात्पुरतं शोषलं जातं. वाटू द्या. पण लिंबू चेहऱ्यावर चोळू नका. आम्ल आहे ते, त्यावर ऊन पडलं तर कातडी भाजते. टूथपेस्ट दातांना लावा.

आणि डोक्याला लावायचं तेल. आपल्याकडे रात्री चप्प तेल लावून झोपायची पद्धत आहे. कपाळावर, केसांच्या रेषेला लागून बारीक दाणे येत असतील तर त्या तेलाकडे, जेलकडे बघा. तेल कपाळावर ओघळतं आणि नळ्या बुजतात. हेल्मेटचा पट्टा जिथे घासतो तिथेही येतात. अशा ठिकाणी कारण बाहेरचं असतं आणि हटवता येतं, तेव्हा ते हटवावं.

बाकीच्यांचं काय? इथे एक गोष्ट समजून घेतली तर पुष्कळ निराशा वाचते, आणि ती म्हणजे काळ. नळीत बूच बसायला सुरुवात होते तेव्हा डोळ्यांना काहीच दिसत नाही. दिसेपर्यंत कित्येक आठवडे गेलेले असतात. म्हणजे आज आरशात दिसलेल्या पुटकुळीचं बूच काल रात्रीच्या बटाटेवड्याच्या कितीतरी आधी बसलेलं असतं. कार्य दिसण्याआधी कारण येऊन जुनं झालेलं. याचा उलटा अर्थही तितकाच महत्त्वाचा : आज सुरू केलेलं औषध काम करतं ते उद्या-परवा येऊ घातलेल्या, अजून न दिसलेल्या बुचांवर. म्हणून डॉक्टर सांगतात, आठ ते बारा आठवडे थांबा. आणि म्हणूनच ते मलम फक्त दिसणाऱ्या पुळीवर टिकली लावल्यासारखं लावायचं नसतं, त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं असतं. निम्मी मुलं दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. माझ्या मते मुरमांच्या उपचारातला सर्वांत मोठा अडथळा त्वचेचा नाही, कालगणनेचा आहे.

औषधं कोणती, तर नावं सांगतो, कारण नावं माहीत असलेली बरी. बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू कमी करतं. ते टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडवतं, म्हणून पांढरा टॉवेल वापरा, नाहीतर घरात वेगळीच भांडणं. अडॅपलीन हे रात्री लावायचं, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. सुरुवातीला कातडी कोरडी पडते, सोलते, कधी पुटकुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात; त्याला घाबरून थांबू नये, पण डॉक्टरांना सांगावं. अँटिबायोटिक एकटं, महिनोन्‌महिने लावू किंवा घेऊ नये. जिवाणू त्याला सरावतो. आणि गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, तर आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी असते. अमेरिकेत ती १९८२ पासून आहे आणि खरोखर प्रभावी आहे. पण गरोदरपणात ती गर्भाला गंभीर व्यंग आणू शकते, रक्ताच्या तपासण्या लागतात, मनःस्थितीवर लक्ष ठेवावं लागतं. ती मैत्रिणीच्या पाकिटातून उसनी घ्यायची गोष्ट नाही.

डाग आणि खड्डे यांतला फरकही लक्षात घ्या. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर पुटकुळी बसल्यावर तपकिरी डाग राहतो. तो डाग महिन्यांनी फिका होतो. उन्हानं तो गडद होतो, म्हणून टोपी, सनस्क्रीन. खड्डा मात्र बहुधा राहतो. म्हणून खड्डे पडायला लागले की ‘वयात आलं की जातं आपोआप’ म्हणत थांबायचं नाही. नखानं फोडलं की दोन्हींची शक्यता वाढते. आणि मुलीच्या बाबतीत मुरमांबरोबर पाळी फार अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. संप्रेरकांची तपासणी लागू शकते.

आता मला ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटते ते सांगतो. आमच्या ओळखीतल्या एका घरातली मुलगी, अकरावीतली. घरात लग्न होतं. कुणीतरी औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणून दिली, डॉक्टरांची चिठ्ठी वगैरे काही नाही. आठ दिवसांत चेहरा नितळ, वर उजळ. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. ट्यूब संपली, लावणं थांबलं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा लालबुंद, आग आग, पुटकुळ्या पूर्वीच्या दुप्पट. पुन्हा ट्यूब आणली. पुन्हा नितळ. असं सात-आठ महिने चाललं. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले तेव्हा गालांवर बारीक लाल शिरा दिसत होत्या आणि लव वाढली होती. ती ट्यूब स्टेरॉइडची होती. त्वचारोगतज्ज्ञ या अवस्थेला टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस म्हणतात, स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा. स्टेरॉइड मलमाचे योग्य उपयोग आहेत, इसबात आहेत. पण मुरमांवर नाहीत, आणि गोरं होण्यासाठी तर मुळीच नाहीत. ते लाली दाबतं, म्हणून बरं वाटतं. आतून कातडी पातळ होते.

इथे कार्यकारणाची सगळ्यात कपटी गाठ आहे. थांबलं की वाढतं, लावलं की कमी होतं. वरवर पाहिलं तर अन्वय-व्यतिरेक अगदी पूर्ण! ती मुलगी तर्कानंच चालली होती. पण थांबल्यावर वाढतं ते मूळ मुरमांमुळे नाही, ट्यूबमुळेच. उपाय हाच रोगाचं कारण झालेला असतो आणि तोच साक्षीदार म्हणूनही उभा असतो. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, यातलं नाव दिसलं आणि तुमच्या डॉक्टरांनी ते दिलेलं नसेल, तर ते तोंडाला लावायचं नाही. आधीच बरेच दिवस लावत असाल तर एकदम फेकू नका, डॉक्टरांकडे जा. ते सोडवायची एक रीत असते.

आता तिसरा प्रश्न. लोक काय म्हणतील?

झां-पॉल सार्त्र यांच्या १९४३ च्या ग्रंथात एक प्रसंग आहे. एक माणूस दाराच्या कुलुपाच्या भोकातून आत डोकावतोय. तो पूर्ण त्या बघण्यात बुडालाय, स्वतःचं भान नाही. इतक्यात मागे पावलं वाजतात. कुणीतरी आपल्याला बघतंय! त्या क्षणी तो बघणारा राहत नाही, बघितला जाणारा होतो. लाज म्हणजे हे : दुसऱ्याच्या नजरेत आपण वस्तू झाल्याचं भान. मुरूम आलेल्या मुलाला ही पावलं दिवसभर वाजत असतात. वर्गात, बसस्टॉपवर, व्हिडिओ कॉलवर. समोरचा बोलताना जरा खाली बघतो आणि याला वाटतं, हनुवटीकडेच बघितलं.

पण मानसशास्त्रज्ञांनी इथे एक गमतीदार गोष्ट दाखवली. गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रयोग. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, त्यांना लाजिरवाणा वाटणारा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. मग विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांचा अंदाज, साधारण निम्म्यांच्या. प्रत्यक्षात जेमतेम एकचतुर्थांश लोकांच्या लक्षात आलं होतं. आपल्यावर जेवढा झोत आहे असं वाटतं तेवढा नसतो.

हे मुलांना सांगायला चांगलं आहे, पण मी ते अर्धंच सांगेन. कारण टी-शर्टाबद्दल कुणी बोललं नाही. आपल्याकडे चेहऱ्याबद्दल बोलतात. हनुवटी धरून बोलतात. ‘लग्न झालं की जातील’ म्हणतात, चौदा वर्षांच्या मुलीला! मुलग्यांना वेगळ्या तऱ्हेनं छळतात : “मुलग्याला काय करायचंय चेहऱ्याचं?” वास्तविक या वयात मुलग्यांमध्ये मुरूम अनेकदा अधिक तीव्र असतात आणि डॉक्टरांकडे मात्र मुलगीच नेली जाते. तेव्हा ‘तुला उगाच वाटतं’ असं मुलाला म्हणू नका. त्याला जे वाटतं त्यातलं निम्मं खरं आहे, आणि ते खरं करणारे आपणच आहोत.

शिवाय आता हातात फोन. आरशात आपण हातभर अंतरावरून बघायचो. मी १९६०च्या दशकात शाळेत होतो. आमच्या घरी एकच आरसा होता, तोही वडिलांच्या दाढीच्या उंचीवर. माझे मुरूम मला आठवड्यातून एकदा दिसत असतील. आज मूल तोच चेहरा वीतभर अंतरावरच्या कॅमेऱ्यात दिवसातून पन्नास वेळा बघतं, आणि तुलना ज्यांच्याशी करतं त्यांचे चेहरे फिल्टरमधून आलेले असतात. मुरूम वाढले नसतील, नजर वाढलीय.

मूल खोलीबाहेर येईनासं झालं, कॉलेज बुडवायला लागलं, जेवणाखाण्यातून मन उडालं, तर मुरूम किती आहेत हे मोजत बसू नका. चार पुटकुळ्यांनीही मन खचतं. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञ आणि समुपदेशक दोघांचीही गरज असते, आणि त्यात कमीपणा नाही.

वेळ होत आलीय. चिठ्ठ्यांमधले दोन प्रश्न घेतो.

एका आजींचा आहे : “मग आम्ही काहीच बोलायचं नाही का?” बोला की. तिच्या परीक्षेबद्दल बोला, तिच्या सायकलबद्दल बोला. चेहऱ्याबद्दल तिनं विषय काढला तर ऐका आणि विचारा, “डॉक्टरांकडे जायचंय का? मी येते बरोबर.” त्या पहिल्या भेटीला मूल एकटं जायला लाजतं, आणि आई-वडिलांपेक्षा आजीबरोबर जायला बरं वाटतं. हे मी अनेक घरांत पाहिलंय.

दुसरी चिठ्ठी, नाव नाही, अक्षरावरून मुलगा वाटतो : “सर, मुरूम असताना दाढी करू की नको?” शाबास. इतक्या वेळात सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आला. कर. आधी कोमट पाण्यानं दाढी मऊ होऊ दे, केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेनं ब्लेड चालव, उलटं नको, आणि फुगलेल्या पुळीवरून ब्लेड फिरवू नको, तेवढी जागा सोड. ब्लेड बोथट झालं की बदल. आफ्टरशेव्ह झोंबणारं असेल तर लावू नको, साधं पाणी पुरे. आणि कुठे खुंट राहिलेच तर राहू देत.